साळूची आई

मोठ्या बाई आणि छोट्या बाई सख्ख्या जावा. ही नावं शाळेतल्या मुलांनी ठेवलेली, आणि मुलांच्या हिशोबात उंची येत नसावी, कारण छोट्या बाई मोठ्या बाईंपेक्षा चांगल्या वीतभर उंच होत्या. मोठ्या बाईंनी घराच्या तळमजल्यावर बालशाळा काढली तेव्हा धाकट्या दिराचं लग्नही झालं नव्हतं. पुढे धाकटी जाऊ आली ती बालशिक्षणाचा कोर्स करूनच आली, वर्गात शिरली, आणि वर्षभरातच पालक विचारायला लागले, "गोष्टी त्या उंच बाईच वाचतात ना?" गोष्टीचा तास तोवर मोठ्या बाईंचा होता. तो गेला तो गेलाच. तेव्हापासून दोघी वरच्या मजल्यावर एकाच ओट्यापाशी भाजी चिरत, खाली एकाच कपाटातून खडू घेत, आणि दोन्ही मजल्यांवर एकमेकींना पाण्यात बघत.

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी दोघी पुस्तकं निवडायला बसल्या. छोट्या गटाच्या खोलीत फिनेलचा वास भरून राहिला होता. मोठी माणसं बसतील अशी एकच खुर्ची खोलीत होती, आणि तिच्यावर एकीने दुसरीला बसू दिलं नसतं, म्हणून दोघीही मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसल्या होत्या.

"पहिल्या दिवशी काय वाचणार?" मोठ्या बाईंनी विचारलं.

छोट्या बाईंनी साळूचं पुस्तक पुढे केलं. साळू म्हणजे साळिंदराचं पिल्लू. आई तिला शाळेत सोडते आणि निघून जाते. साळू रंगवताना फाटकाकडे बघते, गाताना फाटकाकडे बघते, खाऊ खातानाही मान तिकडेच. शेवटच्या पानावर आई येते. गोष्ट एवढीच.

मोठ्या बाईंनी पानं चाळली, चष्मा कपाळावर सरकवला. "हे रडकं पुस्तक? अगं, पोरं आधीच गळ्यापर्यंत भरलेली असतात. त्यात तू वरून तांब्या ओत."

"भरलेली असतात म्हणूनच. आपल्यासारखंच दुसऱ्या कुणालातरी होतं, हे कळलं की हलकं वाटतं."

"हे कोर्समध्ये शिकवलं वाटतं?"

"नाही, जाऊबाई. मी या घरात नवीन आले तेव्हा कळलं हे."

खिडकी पुसणाऱ्या मावशींचं फडकं काचेवर थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं, जरा जास्तच जोरात.

मोठ्या बाईंनी ढिगातून मुंग्यांचं पुस्तक ओढून काढलं. "हे बघ. किती सुरेख चित्रं आहेत. अख्खं वारूळ शाळेत चाललंय आणि एकही रडत नाही."

"मुंग्या आहेत त्या. रडल्या तरी दिसायचं नाही."

"तुझ्या जिभेला कुणीतरी लगाम घालायला हवा होता लहानपणी." मोठ्या बाईंनी मुंग्यांचं पुस्तक बाजूला ठेवलं. "वाच तुझी साळू. पण घंटा झाली की पुस्तक बंद. गेल्या वर्षी तुझ्या गोष्टी लांबायच्या, खाऊ थंड व्हायचा आणि पालकांची बोलणी खायची मी. आणि उद्या तुझ्या गोष्टीने पोरं रडली, तर गोष्टीचा तास माझा. कायमचा."

"आणि नाही रडली तर?"

"तर माझी काही तक्रार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि असं म्हणाल्या जणू गळ्यातला हार काढून देत होत्या.

छोट्या बाईंनी साळूचं पुस्तक परत आपल्याकडे ओढलं. दिवसभरात नाकं पुसायची, बुटांचे बंद बांधायचे, कुणी कुणाला चावलं त्याचा निवाडा करायचा. त्या सगळ्यात गोष्टीचा तेवढा एक तास त्यांचा होता. तो गेला असता तर त्या शाळेत राहिल्या असत्या, पण फक्त कामाला.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी ठरलेला गोंधळ झाला. कुणी आईच्या पायाला मिठी मारली, कुणी फाटकाच्या गजाला. एक मुलगी दप्तर पाठीला न लावता पोटाशी धरून आली आणि कुणाला त्याला हात लावू देईना. मावशींनी दारातच तिचं नाव कांगारू ठेवलं. कांगारू रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून उभी होती, आणि छोट्या बाईंना तिचीच जास्त काळजी वाटली. रडणारी मुलं रडून मोकळी होतात. अशी मिटलेली मुलं कधी फुटतील याचा नेम नसतो.

गोष्टीच्या तासाला साळू निघाली. पहिल्या पानालाच हुंदके कमी झाले. दुसऱ्या पानाला एक मुलगा म्हणाला, "ती पण रडतेय," आणि बाकीच्यांनी साळूकडे असं बघितलं जसं दवाखान्याच्या बाकावर माणसं एकमेकांकडे बघतात. मग प्रश्न सुरू झाले. आई कुठे गेली? चालत गेली की गाडीने? छोट्या बाई प्रत्येकाला उत्तर देत होत्या, घाई करत नव्हत्या. कांगारूचं दप्तर हळूहळू पोटावरून मांडीवर आलं.

आणि घंटा झाली.

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, घंटा हातात, भुवया वर. पुस्तकाचं शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. एरवी छोट्या बाईंनी ते वाचून टाकलं असतं आणि मग दोन शब्द ऐकून घेतले असते. पण त्या भुवया बघितल्या आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. नियम हवा ना? घ्या नियम. त्यांनी पुस्तक पटकन मिटलं आणि गोड हसून म्हणाल्या, "घंटा झाली, मुलांनो. मोठ्या बाईंचा नियम आहे. बाकीचं उद्या."

त्यांना वाटलं होतं, मुलं कुरकुर करतील, मोठ्या बाईंकडे रागाने बघतील. क्षणभर फार बरं वाटलं.

"साळूची आई?" कांगारूने विचारलं. सकाळपासूनचे तिचे हे पहिलेच शब्द.

"उद्या येईल हं," छोट्या बाई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

चटईवरच्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. मग मागच्या रांगेतून एक बारीक सूर निघाला, त्याला दुसरा येऊन मिळाला, आणि बघता बघता सगळी खोली फुटली. छोट्या बाईंनी घाईघाईने पुस्तक उघडून शेवटचं पान दाखवलं, "ही बघा, ही आली," असं ओरडून सांगितलं, पण आता कोण बघतंय आणि कोण ऐकतंय! ज्यांची आई उद्या येणार, त्यांना साळिंदराशी काय घेणं? कांगारू उठली, दाराशी गेली, उलट्या पायांत बूट घातले आणि दप्तर पोटाशी घेऊन उंबरठ्यात बसली.

मोठ्या बाईंनी घंटा खिडकीत ठेवली. छोट्या बाईंच्या हातातून पुस्तक घेतलं, दारापाशी बुटांच्या बाकावर टेकल्या आणि शेवटचं पान उघडून नुसत्या धरून बसल्या. कांगारू आधी बघेचना. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं.

"ही कोण गं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आई."

"कुणाची?"

"साळूची." कांगारूने चित्रावर बोट ठेवलं. "उद्या आली?"

"उद्या कशाला? आजच आली. शाळा सुटली, आली."

"माझी?"

"तुझीपण आजच. शाळा सुटली की ह्याच दारात."

एकेक जण नाक ओढत बाकापाशी जमा झाला. प्रत्येकाला त्या चित्रावर बोट ठेवायचं होतं आणि प्रत्येकाला "माझी?" विचारायचं होतं. मोठ्या बाई प्रत्येकाला तेच सांगत होत्या, तितक्याच सावकाश, जणू पहिल्यांदाच सांगताहेत. छोट्या बाई रिकाम्या हातांनी मागे उभ्या राहिल्या. जाऊबाईंनी हे वाईट केलं असतं तर सोसलं असतं. त्यांनी ते चांगलं केलं.

शाळा सुटली. आया आल्या, मुलं गेली. मावशी खाऊच्या ताटल्या घेऊन मोरीकडे गेल्या.

"तास माझा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो."

"हो? भांडणार नाहीस?"

"नाही."

"तोंड राहिलंय कुठे भांडायला! घंटेचं निमित्त करून मला वाईट ठरवायला निघालीस, तेही पोरांच्या जिवावर. इतकी वर्षं तुझं तोंड बघतेय, मला कळत नाही होय?" मोठ्या बाईंनी श्वास घेतला. "उद्याचं पुस्तक काढून दे. नवी सगळी तूच आणलीस, तुलाच ठाऊक कुठे काय कोंबलंय ते."

छोट्या बाई कपाटाशी गेल्या. हात सरळ मुंग्यांवर पडला. टेबलावर डोळ्यांशी धरून बघायला ते पुस्तक देखणं होतं; मुंगीच्या पायातले मोजेसुद्धा रंगवलेले. पण चटईवरून त्यातलं काही म्हणजे काही दिसलं नसतं. पोरांनी एकमेकांचे केस ओढायला सुरुवात केली असती, मोठ्या बाईंचा आवाज चढला असता, आणि चार दिवसांत तास आपल्या पायांनी परत आला असता. खोटं काही बोलायचं नव्हतं. जाऊबाईंना आवडलेलंच पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं होतं.

त्या पुस्तक हातात धरून उभ्या राहिल्या. उद्या येईल हं. दोघींच्या भांडणात मुलांना आज एकदा मधे घातलं होतं. त्यांनी मुंग्या परत फळीवर ठेवल्या आणि खालच्या खणातून दुसरं पुस्तक काढलं.

मोठ्या बाईंनी मुखपृष्ठ बघितलं. "गाढव?"

"हो."

"मला गाढव देतेस?"

"मुलांना देतेय. पानभर त्याचं एकच तोंड आहे, आणि दर पानाला ते दारातून विचारतं, 'येऊ का आत?' मुलं ओरडून उत्तर देतात. तुम्ही नुसतं धरायचं."

"आणि मुंग्या का ठेवल्यास परत? बघितलं मी. हातात घेतलंस, विचार केलास आणि ठेवलंस. चांगलं ते मला मिळू नये म्हणून!"

छोट्या बाईंना हसावं की कपाळ बडवावं कळेना. सबंध दिवसात एकदा सरळ वागल्या, आणि पकडल्या गेल्या त्या त्यातच. 'घ्या तुमच्या मुंग्या' हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून त्यांनी मुंग्यांचं पुस्तक पुन्हा काढलं, उघडलं आणि मोठ्या खुर्चीवर उभं केलं.

"या. बसा."

"कुठे?"

"चटईवर. सगळ्यात मागे, कांगारूच्या जागेवर."

"माझे गुडघे काय म्हणतात ते तुला माहीत आहे ना?"

"मला नाही वाचायचं, जाऊबाई. तुम्हाला वाचायचंय."

मोठ्या बाई भिंतीला धरून, कण्हत, देवाला आणि धाकट्या जावेला एकाच दमात बोल लावत खाली बसल्या. चष्मा पुढे केला, मागे केला.

"काय दिसतंय?"

"काहीतरी सांडलंय."

"मुंग्या आहेत."

"माझा नंबर वाढलाय."

छोट्या बाईंनी मुंग्या काढून गाढव उभं केलं. गाढवाने दोन्ही डोळे उघडून मोठ्या बाईंकडे थेट बघितलं. मोठ्या बाईंनीही त्याच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

"येऊ का आत?" छोट्या बाईंनी सवयीने वाचलं.

"नको," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मुलं 'ये' म्हणतात."

"मी मूल नाही. दे इकडे ते पुस्तक." त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यातून परत बसल्या.

छोट्या बाईंनी हात पुढे केला.

"तुझा हात नको. खुर्ची सरकव."

छोट्या बाईंनी खुर्ची सरकवली. मोठ्या बाई तिला धरून उठल्या, साडी झटकली आणि गाढव काखेत मारलं. दारापर्यंत गेल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "उद्या तू मागे बस. तिथून दिसत नसेल तर सांग. पण तास परत मिळायचा नाही."

"मी मागितलेला नाही," छोट्या बाई म्हणाल्या, आणि कपाट बंद करायला वळल्या.