नाकाची परीक्षा

मास्टरांनी गोट्यांमधून वसाबीचा गड्डा उपसला. त्या अंगठ्याएवढ्या खडबडीत, हिरव्या, मोहरीसारख्या झणक्याच्या जपानी मुळातून त्यांना स्वयंपाकघर परत मिळणार होतं आणि सुनेला नोकरी. म्हणून दोघंही श्वास धरून त्याच्याकडे पाहत होती.

मास्टर म्हणजे सासरे. उभं आयुष्य मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात काढलेलं. एका तापानंतर त्यांना वास येईनासा झाला आणि सुनेने त्यांच्या हातातला झारा काढून घेतला. मुलगा जहाजावर. घरात ही दोघं आणि छकुली, जिला अजून नीट बसताही येत नव्हतं. ज्याला वास येत नाही त्याच्या भरवशावर शेगडी आणि पोर सोडून दातांच्या दवाखान्यात कामाला जायचं कसं? तोडगा मास्टरांनीच काढला होता.

"वसाबी तयार होऊ दे. ती नाकात चढली तर नाक शाबूत. नाही चढली तर मी मुकाट्याने खुर्चीत बसेन."

न्हाणीघरामागच्या बोळकांडीत ऊन कधी शिरत नसे. तिथे मास्टरांनी ते रोप छकुलीच्या जन्माआधीपासून, दोन हिवाळे जपलं होतं. पिंपाची तोटी किंचित सोडलेली; गोट्यांवरून सतत गार पाणी. उन्हाळ्यात पिंपात बर्फ.

"माझ्या बाळंतपणात एवढे लाड झाले नाहीत," सून म्हणायची.

"तू एवढी नाजूक कुठे होतीस?" मास्टर म्हणायचे.

आता त्यांनी गड्डा बारीक किसणीवर गोल गोल फिरवला आणि हिरवा गोळा जिभेवर ठेवला. क्षणभर काहीच नाही. मग डोळे भरले, नाक लाल झालं.

"चढली! सूनबाई, चढली! थेट मेंदूत!"

आनंदाने त्यांनी छकुलीला उचलून छातीशी धरलं. छकुलीने लंगोट केव्हाच घाण केला होता आणि ते खोलीभर कळत होतं. मास्टरांना कळलं नाही. झणका वेगळा, वास वेगळा. सुनेच्या हे ध्यानात आलं आणि तिने ते न आल्यासारखं केलं. परीक्षा घेणाऱ्यालाच पास करायची घाई असली की दुसरं काय होणार?

"अभिनंदन, बाबा," ती म्हणाली आणि कामाच्या चपला शोधू लागली.

*

कामावर जायला लागून थोडेच दिवस झाले होते. दुपारी दवाखान्यातली वीज गेली आणि डॉक्टरांनी तिला लवकर सोडलं. घराच्या दाराशी येऊन तिने घंटीकडे बोट नेलं. दाराच्या फटीतून गॅसचा वास आला.

बोट घंटीपाशीच थांबलं. दाबली तर ठिणगी. हाक मारावी तर मास्टर दुपारच्या झोपेतून उठतील, आणि उठल्या उठल्या आधी दिवा लावायची त्यांची सवय. तिने घशाशी आलेली हाक गिळली. चपला तिथेच टाकून ती घराला वळसा घालून बोळकांडीत शिरली.

मास्टर गड्ड्याच्या कोंबापासून पुन्हा लावलेल्या रोपाशी उकिडवे बसून पिवळी पानं खुडत होते. गाणं गुणगुणत होते. सदऱ्याच्या खिशातून लायटर डोकावत होता.

"छकुली?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"झोपलीय. दूध ठेवलंय तिचं. गारठा शिरतो म्हणून दार लोटून घेतलं. तू आज लवकर?"

ओढणी नाकाला लावून तिने मागचं दार ढकललं. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं. ज्योत विझली होती. बटण मात्र उघडंच होतं. बारीक फुसफुस चालू होती. तिने ते फिरवलं आणि पाळण्याकडे धावली. छकुली हलत नव्हती. उचललं तर मान कलंडली. बाहेर येईपर्यंत तिने स्वतःही श्वास घेतला नाही.

बोळकांडीत तिने पोरीला हलवलं, गालावर टिचक्या मारल्या. पाणी गोट्यांवर टपटपत राहिलं. छकुली गप्प.

मग छकुलीने तोंड वेंगाडलं आणि भोकाड पसरलं.

"स्वप्न पडलं वाटतं," मास्टर म्हणाले. "थांब, दिवा लावतो. दूध देऊ तिला."

तिने त्यांचं मनगट धरलं. एवढं घट्ट तिने त्यांना कधी धरलं नव्हतं.

"दिवा नको, बाबा. खिडक्या."

पोरीला त्यांच्या हातात देऊन ती पुन्हा आत गेली आणि एकेक खिडकी सताड उघडत सुटली. मास्टर उंबरठ्याशी उभे राहून पाहत होते. त्यांनी नाकाने लांब श्वास ओढला. पुन्हा ओढला. मग त्यांची नजर शेगडीवरच्या दुधावर गेली. त्यांचे डोळे भरले आणि नाक लाल झालं. किसणी फळीवर कोरडीच होती.

*

संध्याकाळी भांडी विसळताना तिला घर एकदम गप्प वाटलं. ती मागे गेली. पिंपाची तोटी घट्ट बंद होती आणि वरच्या गोट्या सुकू लागल्या होत्या. परत आली तर तिच्या पर्सशेजारी लायटर ठेवलेला.

"पाणी फुकट चाललं होतं," मास्टर खुर्चीतून म्हणाले. "उद्या कामावर जाताना सिलिंडर बंद करून जा. दूध थर्मासमध्ये भरून ठेव. पोरगी मी सांभाळतो, तेवढे डोळे आहेत अजून."

"आणि तुमचं जेवण?"

"गार खाईन. जन्मभर लोकांना गरम वाढून स्वतः गारच खाल्लंय."

ती काहीतरी बोलणार होती. लंगोटाचं. पण मास्टरांनी डोळे मिटून घेतले होते.

छकुली राहिली, नोकरी राहिली. दंडापोटी मास्टरांनी शेगडी दिली, रोपाने पाणी. बोळकांडीतली पानं अजून हिरवीच होती. पास करणाऱ्या सुनेकडे मात्र कुणी काही मागितलं नाही.