खळं आणि अठरा भिंती

मी आठवीला भूगोल शिकवते, करंजाड्याच्या नव्या शाळेत. 'नागरीकरण' हा धडा आला की पोरं खिडकीबाहेर बघतात आणि मीही बघते. धडा बाहेरच उभा असतो, बावीस-बावीस मजल्यांचा. त्या इमारतींच्या पायाशी पत्र्यांचा आणि स्लॅबांचा जो पुंजका दिसतो, ते माझं गाव, खारतळे. आधी भातशेती गेली, मग मिठागर गेलं. माझ्या लहानपणी या पट्ट्यात पाचशे माणसं होती, आज लाखभर असतील. शेजारच्या टाउनशिपच्या पत्रकात छापलंय, 'येथे पूर्वी काहीही नव्हते.' काही नव्हतं म्हणे! मग माझा आजा काय हवेत भात झोडत होता?

तो झोडायचा खळ्यात. नव्वद घरांच्या मधोमध मोकळी जागा आहे, तेच खळं. भात गेलं तरी खळं राहिलं. गावातली प्रत्येक हळद, प्रत्येक लग्न, होळी, सगळं तिथेच. माणूस मेलं तरी स्मशानात नेण्याआधी त्याला घटकाभर तिथे टेकवतात. ते कुणाच्या मालकीचं, हे विचारायची आजवर कुणाला गरज पडली नव्हती.

गेल्या जानेवारीत गावठाणाचा ड्रोन सर्व्हे लागला. दवंडीच्या जागी आता व्हॉट्सअ‍ॅप. 'प्रत्येकाने आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारावी. वरून फोटो निघेल. त्यावरून नकाशा आणि मालकीचं कार्ड मिळेल.' मग काय विचारता! खळ्याच्या कडेने अठरा घरं आहेत. त्या अठरांच्या रेघा कुठे हातभर, कुठे चांगल्या दहा हात खळ्यात शिरल्या. कुणाचा जिना, कुणाची मोरी, कुणाची गाडीची शेड. माझ्या भावाने, रूपेशदादाने, खळ्याच्या बाजूला तीन भाड्याच्या खोल्या काढल्यात, त्याही आमच्या रेघेत आल्या. ती फक्की मी मारली. दोरी लावून, सरळ. भूगोलाची बाई ना मी!

आणि खळ्याभोवती फक्की कुणीच मारली नाही. जे सगळ्यांचं, त्याला रेघ कोण मारणार? बारभाईची खेती, काय लागेल हाती!

दोन महिन्यांनी नकाशा लागला. खळ्याच्या जागी लिहिलं होतं, 'मोकळी जागा, मालक नाही.' बिनमालकाच्या जागेवर टाउनशिपसाठी वाहनतळ होणार, हेही कळलं. गाव पेटलं. माझे वडील गोटीराम चावडीसमोर उभे राहून ओरडले, "खलं आमच्या आज्या-पनज्याचं हाय! पैली आमच्यावर गाडी घाला!" माझंही रक्त उसळलं. हरकतीचा अर्ज मीच लिहिला आणि नव्वदच्या नव्वद घरांनी त्यावर सह्या केल्या.

सुनावणी समाजमंदिरात झाली. अधिकारी म्हणून गीतांजली मॅडम आल्या होत्या, सोलापूरकडच्या. बाई वाईट नव्हती, हे मला रागातही कबूल करावं लागतं. तिने अर्ज नीट वाचला आणि विचारलं, "खळं कुठून कुठपर्यंत?"

"चिंचेपासून देवलाच्या पायरीपत्तर," वडील छाती काढून म्हणाले.

तिने ड्रोनचा फोटो टेबलावर पसरला. त्यात आमच्या पांढऱ्या रेघा लख्ख दिसत होत्या. "मग तुमच्या या अठरा रेघा त्याच्या आत कशा आल्या? मला एक सांगा, खळं खरं का रेघा खऱ्या? अठराही जणांनी लिहून द्या, की आमचं बांधकाम खळ्यात आहे, मागे घेतो. पाच वाजेपर्यंत बसते मी. लिहून आलं, की खळं गावाच्या नावाने लावते. नाही आलं, तर हरकत निकालात."

मघाशी घोषणा देणारे आता मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. वडिलांना एकदम तहान लागली. खळ्याला न लागलेली बहात्तर घरंही त्या अठरांना काही बोलेनात. आज यांची भिंत, उद्या आपली. रूपेशदादाने माझं मनगट धरलं.

"मने, गप बस. टेन्शन नको देऊ. तीन भाडोत्री हायत माझे."

आणि मी गप्प बसले. वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवणारी मी, एका वाक्यात गप्प बसले. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

उठली ती माझी आई, सगुणा. घर तिच्या नावावर आहे, माझ्या आजीनेच करून दिलेलं. ती टेबलापाशी गेली.

"आमच्या तीन खोल्या खल्यान हायत. लिवा."

"मावशी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही एकट्यानेच लिहून दिलंत, तर खळं वाचणार नाही आणि तुमच्या खोल्या मात्र जातील."

"एकटी कशाला? सतरा जनं मागं हायत ना." आईने वळून पाहिलं. "दुर्गे, तुजी मोरी. कान्हा, तुजा जिना. प्रसाद, तुजी शेड. उठा."

कुणी उठलं नाही. मागून कुणीतरी हसलं.

"सगुणा, बस खाली," वडील म्हणाले.

"पन्नास वर्सं बसलेलीच हाय," आई म्हणाली आणि तिने सही केली. अक्षर जोडून जोडून, पूर्ण नावाची.

पाच वाजले. आणखी एकही सही आली नाही. मॅडमनी तरी दहा मिनिटं वाट पाहिली, मग कागद आवरले. हरकत निकालात निघाली. खळं बिनमालकाचं राहिलं आणि आमच्या तीन खोल्या कबूल केलेलं अतिक्रमण ठरल्या. गाव करी ते राव न करी म्हणतात. खरंच, कुठल्या रावाची हिंमत झाली नसती असं आमच्या गावाने स्वतःच्या हाताने करून दाखवलं.

मे महिन्यात खोल्या पडल्या. खळ्याभोवती निळे पत्रे उभे राहिले. बाकी सतरा घरांना आपापल्या रेघांसकट कार्डं मिळाली. काहींनी ती फ्रेम करून देवाशेजारी लावली. रूपेशदादा आईशी बोलत नाही. गावात तिला 'शहाणी' म्हणतात, आणि ते कोणत्या अर्थाने म्हणतात ते मला कळतं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या दुर्गाबाई पत्रिका घेऊन आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न, टाउनशिपच्या क्लबहाउसात. गावाच्या इतिहासात पहिलं लग्न, जे खळ्यात नाही. आईने त्यांना पाट दिला, पाणी दिलं, कुंकू लावलं. दुर्गाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"काय करशील गो सगुणा, त्या टाउनशिपवाल्यांनी आपलं खलं खाल्लं."

आई पत्रिका उलटसुलट करून बघत होती. ती खाली ठेवून म्हणाली, "त्यांनी खाल्लं खरं, दुर्गे. पन ताटान वाढलं आपुन."

दुर्गाबाई पाणी न पिता उठल्या. मी त्यांना थांबवलं नाही. आई 'आपुन' म्हणाली होती, 'तुमी' नाही. त्या खोलीत सुनावणीला न उठलेल्या दोघी होत्या, आणि त्यातली एक मी होते.