तांबडीचं वजन

रहिमतुल्ला सलोतरींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्या सालापासून सोलापूरच्या जिमखान्याच्या शर्यतींची वजनं त्यांची मुलगी जुलेखा बांधत होती. बापलेकींखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वजनं बांधायची म्हणजे काय, ते सांगायला हवं. शर्यतीत सगळी घोडी सारख्या ताकदीची नसतात. मग चांगल्या घोड्याच्या खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या जास्त घालायच्या, कच्च्याच्या कमी, म्हणजे जिंकायची संधी सगळ्यांना सारखी मिळते. कुणावर किती शिसं घालायचं, ते ठरवणारा एकच माणूस असतो आणि त्याचा शब्द सहसा शेवटचा असतो. रहिमतुल्ला सलोतरी, म्हणजे घोड्यांचे वैद्य. त्यांनी पुण्याच्या रेसकोर्सवर तीस वर्षं घोड्यांचे पाय आणि छात्या तपासल्या होत्या. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा जिमखान्याचे सेक्रेटरी आप्पासाहेब स्वतः घरी येऊन हे काम त्यांना देऊन गेले होते.

जुलेखा तेव्हा चोवीस वर्षांची. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा प्लेगात गेला आणि ती बापाकडे परत आली. आधी ती फक्त वाचून दाखवायची. घोड्यांच्या वंशावळीची जाडजूड इंग्रजी पुस्तकं जिमखान्याकडे होती. त्यांतून ती बापाला सांगे, अमक्याचा बाप तमका, आईचा बाप ढमका, कोण कुठं किती मैल धावला. वाचता वाचता तिला त्याचं वेड लागलं. दुपारी चूल आवरली की ती पुस्तक घेऊन बसे आणि एकेका घोड्याच्या सात पिढ्या मागं जाई.

१९२९च्या जानेवारीत जिमखान्यानं पहिल्यांदाच तीन मैलांची शर्यत ठेवली. तोवर इथं मैल, फार तर सव्वा मैल धावायचे. सहा घोड्यांची नावं आली. त्यातली दोन नावं गावात बोलली जात होती.

एक शमशेर. मालक गुरुलिंगशेठ, कापसाचे व्यापारी. शमशेर चार वर्षांत एकही मैलाची शर्यत हरला नव्हता, आणि तेही दहा स्टोन, म्हणजे एकशे चाळीस रत्तल, वजन पाठीवर घेऊन. त्याच्या बापाचं नाव मुंबईचे लोकही आदरानं घेत.

दुसरी तांबडी. तिचा मालक बिरप्पा, मंद्रूपकडचा धनगर. मेंढरांच्या वाड्यांवर हिंडून लोकर विकत घ्यायची आणि सोलापुरात आणून विकायची, हा त्याचा धंदा. तांबडी जातिवंत थरोब्रेड खरी, पण बंदुकीच्या आवाजाला बुजते म्हणून पलटणीनं लिलावात काढलेली. बिरप्पानं तिला घेतली आणि तिच्यावर बसून माळरानं पालथी घातली. गेल्या वर्षी हौसेनं मैलाच्या शर्यतीत उतरवली तर ती शेवटून दुसरी आली.

"शमशेर दहा स्टोन, तांबडी आठ," रहिमतुल्ला म्हणाले. "लिही."

जुलेखानं लिहिलं नाही. "अब्बा, ही मैलाची वजनं झाली."

"मग?"

"शमशेरचा बाप पाच फर्लांगांचा राजा होता. आई सहा फर्लांगांची. मागच्या चार पिढ्यांत मैलाच्या पलीकडं कुणी जिंकलेलं नाही. आणि तांबडीच्या लिलावाच्या चिठ्ठीवर आईचं नाव आहे, ते मी शोधलं. त्या आईचा बाप कलकत्त्यात अडीच मैलांची शर्यत दोनदा जिंकलाय. तांबडीचा बाप तर दोन मैलांच्या आत कधी जिंकलाच नाही, आणि दोन मैलांच्या पुढं हरला नाही."

रहिमतुल्ला हसले. "बेटा, कागद धावत नाही. मी शंभर शहजादे पाहिलेत ज्यांचे बाप विलायतेचे होते आणि स्वतः टांग्यालाही चालले नाहीत. दम छातीत असतो, पुस्तकात नाही."

"मग छाती बघू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेकी टांग्यातून पोलीस परेड मैदानावर गेली. जुलेखा टांग्याच्या पडद्याआड बसली, हातात बापाचं खिशातलं घड्याळ. शमशेर मैलभर पळाला, आणि काय पळाला, जमिनीला पाय लागतात की नाही असं वाटावं. तो थांबल्यावर रहिमतुल्लांनी त्याच्या जबड्याखाली बोटं ठेवली. जुलेखा आतून मिनिटं सांगत होती. दहा मिनिटांनीही नाडी बहात्तरच्या खाली आली नाही.

बिरप्पा बाजाराच्या दिवशी मंद्रूपहून सात कोस दौडत आला. रहिमतुल्लांनी त्याला मैदानावरच गाठलं.

"बिरप्पा, तुझी घोडी तीन फेऱ्या पळवून दाखवतोस का? मन लावून?"

"आत्ता? सात कोस आलीय की ती."

"म्हणूनच."

बिरप्पाला अभिमान वाटला. घोडीची मान थोपटत म्हणाला, "बघा की मग. आमची काय चोरीची हाय व्हय."

मैदानाची एक फेरी म्हणजे एक मैल. पहिली फेरी दोन मिनिटं चार सेकंदांत झाली. दुसरी दोन मिनिटं चार. तिसरी दोन मिनिटं तीन. जुलेखानं घड्याळ कानाला लावून ते चालू आहे ना याची खात्री केली. रहिमतुल्लांनी नाडी धरली, मग घोडीच्या बरगड्यांना कान लावला. दहा मिनिटांनी नाडी अठ्ठेचाळीसवर आली आणि तांबडी खाली मान घालून गवत शोधू लागली.

परतताना टांगा सात रस्त्याजवळ आल्यावर रहिमतुल्ला म्हणाले, "किती म्हणतेस?"

"तांबडी नऊ स्टोन दोन रत्तल. शमशेर नऊ स्टोन."

"शमशेरपेक्षा जास्त?"

"मैलाच्या शर्यतीत तीन रत्तलांनी घोडाभर अंतर पडतं. तीन मैलांत एका रत्तलानंच तेवढं पडतं. शमशेर तिसऱ्या मैलाला मरणार, अब्बा. त्याला दहा स्टोन देणं म्हणजे त्याला हाकलून देण्यासारखं आहे. आणि तांबडीला आठ दिले तर ती एकटीच धावेल, बाकीचे मागं फिरायला येतील."

"बिरप्पा आपला माणूस आहे, बेटा. तुझ्या लग्नात त्यानं पाच बकरी आणली होती."

"माहीत आहे मला," जुलेखा म्हणाली. "तुम्ही सांगा, त्याच्याकडं बघून वजन बांधू का घोडीकडं?"

रहिमतुल्लांनी कागदावर सही केली. सही कुठं करायची ते तिनं बोट धरून दाखवलं.

जिमखान्याच्या कचेरीबाहेर यादी लागली आणि तासाभरात दोन्ही मालक येऊन थडकले. आप्पासाहेबांनी रहिमतुल्लांना बोलावणं धाडलं. ते टांग्यातून आले, जुलेखा सोबत होती. ती बाहेर टांग्यातच थांबली, पण खिडकी उघडी असल्यानं आतलं सगळं ऐकू येत होतं.

गुरुलिंगशेठ आवाज न चढवता बोलत होते, पण शब्द कापत होते. "माझ्या घोड्याला आजवर मैदानात सर्वांत जास्त वजन असायचं. तो त्याचा मान आहे. आता लोकर वाहणाऱ्या घोडीच्या खाली त्याचं नाव लिहिलंत. वजन कमी करून तुम्ही माझ्यावर उपकार केलेत असं समजू नका, सलोतरी. तुम्ही माझ्या घोड्याच्या बापाचं नाव मातीत घातलंत."

बिरप्पा रहिमतुल्लांकडं वळून म्हणाला, "चाचा, म्या इस्वासानं घोडी पळवून दाखवली. सात कोस आलेली. आन तुमी तिच्याच पाठीवर धोंडा बांधला? मला सांगायचं तरी, कशासाठी पळवताय त्ये."

आप्पासाहेब म्हणाले, "सलोतरी, तुमचा अनुभव मोठा आहे. पण ही वजनं कशाच्या आधारावर बांधलीत, ते समजलं पाहिजे. दोन्ही बाजू नाराज असताना मी शर्यत कशी सोडू?"

रहिमतुल्ला उठले, भिंत चाचपत खिडकीशी गेले आणि म्हणाले, "जुलेखा, आत ये." मग वळून म्हणाले, "साहेब, माझे डोळे गेलेत. तीन वर्षांपासून ही वजनं माझी मुलगी बांधते. तिलाच विचारा."

कुणी काही बोलायच्या आत जुलेखा दारात उभी राहिली. डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली, काखेत वंशावळीचं पुस्तक. ते तिनं उघडलं. तिनं शमशेरच्या चार पिढ्या सांगितल्या. तांबडीच्या सांगितल्या. मग दोघांच्या नाडीचे आकडे आणि तांबडीच्या तिन्ही फेऱ्यांची वेळ सांगितली.

"शेठजी," ती म्हणाली, "तुमच्या घोड्यासारखा मैलाचा घोडा या जिल्ह्यात नाही. पुढच्या महिन्यात मैलाची शर्यत आहे, तिथं मी त्याला दहा स्टोन पाच देईन. पण त्याच्या बापानं त्याला वेग दिलाय, दम नाही दिला. यात अपमान कसला?"

"घोड्यावर कधी बसलीस तरी का?" गुरुलिंगशेठनी विचारलं.

"नाही."

मग ती बिरप्पाकडं वळली. त्याच्याकडं बघणं तिला अवघड गेलं. "मामा, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ते चुकलं, माफ करा. पण वजन चुकलेलं नाही."

आप्पासाहेबांनी टाक खाली ठेवला. "तांबडीचं चार-पाच रत्तल कमी केलं आणि शमशेरचं तेवढं वाढवलं, तर दोघांचंही समाधान होईल."

"तुम्ही बदलू शकता, साहेब," जुलेखा म्हणाली. "मग त्या कागदावर अब्बांची सही राहणार नाही. ती मी इथंच खोडून जाते."

आप्पासाहेबांनी यादी तशीच ठेवायला सांगितली.

शर्यतीच्या दिवशी मैदानाभोवती माणूस मावत नव्हतं. गिरण्यांना सुट्टी होती. नवी पेठेतली दुकानं दुपारीच बंद झाली होती. जुलेखानं टांगा शेवटच्या खांबासमोर उभा करवला. पडदा तिनं अर्धा वर केला.

तांबडीवर बिरप्पाचा धाकटा भाऊ येडू बसला होता. निशाण पडलं तसा शमशेर सुटला. पहिल्या फेरीला तो सगळ्यांच्या पुढं दहा घोड्यांचं अंतर राखून होता, दुसऱ्या फेरीला आठ. लोक गुरुलिंगशेठचं नाव घेऊन ओरडत होते. तांबडी पाचवी होती.

"सांग," रहिमतुल्ला म्हणाले.

"शमशेर पुढं. तांबडी पाचवी."

"चाल?"

"तीच. अजिबात बदललेली नाही."

तिसऱ्या फेरीच्या वळणावर शमशेरची मान वर आली. थकलेला घोडा मान वर टाकतो. तांबडी चौथी, मग तिसरी झाली. पाठीवर एवढं शिसं घेऊन ती तशीच एका लयीत येत होती. आणि तिच्या मागोमाग, कुणी ज्याच्याकडं पाहिलंही नव्हतं तो पारवा, पोलीस फौजदाराचा आठ स्टोन तीनचा करडा घोडा. शेवटच्या फर्लांगात तिघे एकमेकांना भिडले. जुलेखानं बापाचा हात धरला.

"काय झालं? कोण?"

"पारवा," ती म्हणाली. "डोक्याभरानं. तांबडी दुसरी. शमशेर तिसरा, मानेभरानं."

"मधलं अंतर किती?"

"एका सतरंजीखाली तिघे झाकले जातील, अब्बा."

रहिमतुल्ला मागं टेकून बसले. पुण्याच्या तीस वर्षांत असा शेवट त्यांनी मोजून तीनदा पाहिला होता, असं ते नंतर सांगत.

बिरप्पा घोडीला फिरवत टांग्याजवळून गेला. थांबला. "दोन रत्तलांनी खाल्ली तुमच्या," म्हणाला.

"अर्ध्या रत्तलानं," जुलेखा म्हणाली. "पारव्याला मी अर्धा रत्तल जास्त द्यायला हवा होता. ती चूक माझी. तांबडीची नाही, आणि येडूचीही नाही."

तो घोडी घेऊन निघून गेला. पुढचे दोन बाजार त्यानं त्यांच्या घराकडं पाय वळवला नाही. तिसऱ्या बाजाराला आला, ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि मुंडाशाचं टोक पिळत राहिला.

"पलटणीनं तिला टाकली," शेवटी म्हणाला. "गावात समदे हसायचे, लोकरीचं गाढव म्हनायचे. तुजी यादी लागली तवा म्या लई चिडलो. पर घरी गेल्यावर आमची कारभारीण बनाबाई म्हनली, आवं, शमशेरच्या वर नाव लिवलंय की. ते कुनी लिवलं असतं?" तो थांबला. "औंदा भरवून घ्यावी म्हनतो. कुठला घोडा लावू?"

जुलेखानं पुस्तक काढलं नाही. "तिच्या पुढच्या पायांत जरा बाक आहे. आधी सरळ पायांचा घोडा बघू, मग त्याची वंशावळ. घाई नको. आणि एक वर्ष अजून धावू दे तिला."

त्या पावसाळ्यात जिमखान्याच्या कमिटीत यादीवर बाईचं नाव असावं का यावर दोन बैठकी झाल्या. रहिमतुल्लांनी निरोप पाठवला की मुलीची सही नसेल तर आपलीही नसेल. वजनं बांधायला दुसरं कुणी पुढं येईना. गुरुलिंगशेठ विरोध करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण शमशेरनं मधल्या काळात दहा स्टोन पाच घेऊन मैलाची शर्यत मारली होती, आणि ते दुसऱ्या बैठकीत गप्प बसले. १९३०च्या जानेवारीत कचेरीबाहेर लागलेल्या यादीखाली जुलेखाचं नाव होतं.

यादी लागली त्या सकाळी बिरप्पा तिथंच उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं. जुलेखा टांग्यातून उतरताच त्यानं विचारलं, "किती?"

"नऊ स्टोन आठ."

तो विचारात पडला. "लई हाय."

"हाय," ती म्हणाली.

"बरं," बिरप्पा म्हणाला, आणि येडूला शिशाच्या पट्ट्या मोजून घ्यायला धाडलं.

तांबडीनं ती शर्यत अर्ध्या घोड्याच्या अंतरानं जिंकली. लोकांनी बिरप्पाला खांद्यावर घेतलं. जुलेखा टांग्यात बसून आपल्या वहीत लिहीत होती. रहिमतुल्लांनी विचारलं, "काय लिहितेस?"

"तांबडीला अर्धा रत्तल कमी पडला," ती म्हणाली, आणि पुढच्या घोड्याचं नाव लिहायला घेतलं.