डावीकडचा उतार

पोपटांच्या चोची आणि नखं कापणं हा माझा धंदा. चावण्याचं म्हणाल तर पोपटांपेक्षा त्यांचे मालकच जास्त चावतात. त्या काकू आल्या तेव्हा मी आधीच वैतागलेली होते. त्यांनी पिंजरा टेबलावर ठेवला. त्यांची स्वतःची नखं लांब, लालभडक रंगवलेली, आणि त्या ती सारखी न्याहाळत होत्या.

"पोपट ठेवून घ्या, ताई. यांचा होता. हे जाऊन तीन महिने झाले. मला नाही झेपत."

मी त्याला टॉवेलात गुंडाळून चोच पाहिली. यकृत बिघडलं की पोपटाची चोच भराभर वाढते, ठिसूळ होते, काळे डाग पडतात. डाग होते, ठिसूळपणा होता. पण चोच आखूड होती. नुकतीच घासलेली, तीही रक्त निघेस्तोवर. माझं डोकंच फिरलं.

"कुणी केलं हे? पाखराला जीव असतो की नाही?"

"कुणी नाही हो. घरात मी एकटीच."

"आपोआप घासली जात नाही, काकू. हा डावीकडचा उतार पाहा. कानस डाव्या हातात होती."

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. यजमान डावखुरे होते, त्यांनी सांगितलं. दर रविवारी आधी पोपटाची चोच घासायचे, मग काकूंची नखं. वाढलेलं काही त्यांना खपायचंच नाही. आतलं मांस दिसलं की थांबायचे. तीस वर्षं हेच चाललं होतं.

"अजून येतात रविवारी," त्या पुटपुटल्या. "पण पोपटाकडेच. तो घरात नसला तर कशाला येतील? ही नखं जन्मात पहिल्यांदा वाढवलीत मी. एवढी तरी राहू देत."

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. पण बाईची दया आली, पोपटाची त्याहून जास्त. ठेवून घेतला.

दोन रविवार गेले. चोचीला कुणी हात लावला नाही, ती चांगली वाढली. बघा, म्हटलं, जिवंत माणसाचंच काम होतं ते. मनातल्या मनात काकूंना चार शब्द सुनावूनही झाले.

तिसऱ्या रविवारी सकाळी पोपटाला टॉवेलात धरून मी चोच कापायला बसले होते. काकू धापा टाकत आत आल्या आणि त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. पाचही नखं मांसापर्यंत घासलेली. सगळ्यांचा उतार डावीकडे.

"दोन रविवार हे घरभर पोपट शोधत फिरले. आज माझा हात धरला. हा दुसरा हिसडून मी पळाले." उजवा हात त्यांनी पाठीमागे लपवला होता. "पोपट परत द्या, ताई. पाया पडते तुमच्या."

"नाही देणार," मी म्हटलं. "तुम्हीही घरी जाऊ नका. इथेच राहा."

"दुसरा हात."

आवाज पुरुषाचा होता, शांत. मी दचकून पोपटाकडे पाहिलं. चोच माझ्या चिमटीत बंद होती. बोटाखाली त्याचा गळा हललाही नव्हता.

"काकू, नको!" मी ओरडले.

पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मान खाली घालून, तीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी उजवा हात पुढे केला.