नेपतीला पाणी

खातीपुऱ्यातल्या घरापुढं गिरिजाबाईंनी मोगरा लावला, गुलाब लावले. पण नागनाथरावांनी कधी मान वळवून पाहिलं नाही. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस चहा संपला की शेजारच्या प्रतिमाच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. तिथं नेपती होती. इकडे वाळवंटाकडच्या मुलखात तिला कैर म्हणतात. माळरानावरचं काटेरी झुडूप; पान नावाला नाही, पण काड्या बारा महिने हिरव्यागार. प्रतिमानं ते बी पेरून अंगणात वाढवलं होतं. चैत्रात त्यावर लालबुंद फुलं आली.

"असं झाड अख्ख्या कॉलनीत नाही," नागनाथराव घरी येऊन बायकोला म्हणाले. "बाईच्या हाताला गुण आहे!"

"जन्मभर माझ्या हातचं खाताय, त्याचा गुण नाही कधी दिसला."

"त्याचं इथं काय?"

पुढं प्रतिमा लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला निघाली. घराची किल्ली तिनं नागनाथरावांच्या हातात दिली. "भाऊजी, कैरला पाणी मुळीच नको हं. मुळं कुजतात."

गिरिजाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्याकडे किल्ली दिली असती तर काय बिघडलं असतं?

दुपारी नवऱ्याचा डोळा लागला की त्या बादली घेऊन जाऊ लागल्या. पहिल्यांदा त्या फाटकाशीच थबकल्या. मग त्यांनी मनाची समजूत घातली, या उन्हात लोक वाटसरूंसाठी माठ भरून ठेवतात. तहानलेल्याला पाणी पाजलं तर पाप कसलं? हळूहळू काड्या पिवळ्या पडल्या, बुंधा बोटाला मऊ लागू लागला.

प्रतिमा परतली आणि झुडपापाशी मटकन बसली. "पाणी कुणी घातलं?"

नागनाथरावांनी बायकोकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "मी. उन्हात बघवेना मला."

प्रतिमानं पदरानं डोळे टिपले. "राहू द्या भाऊजी. दुसऱ्याच्या झाडाला एवढी माया कोण लावतं?"

गिरिजाबाई सुटल्या होत्या. नुसतं गप्प राहायचं होतं. पण ते शब्द ऐकले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"यांनी कसली माया लावली? यांना माया लावता येत असती तर मला कळलं नसतं? मी घातलं पाणी! रोज, बादलीनं, जाणूनबुजून!"

"ताई, का हो?"

गिरिजाबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. "यांना विचार."

मघाशी डोळ्याची पापणी न लववता खोटं बोललेल्या त्या माणसाला आता एक अक्षर सुचेना.