दोन पंख्यांमधले लाल तेल

मित्रांनो, गाडीचे आत्मवृत्त तुम्ही शाळेत कधीतरी लिहिले असेल. मी गाडी नाही. तिच्या पोटात, इंजिनाला खेटून अंधारात राहणारा एक जुना गिअरबॉक्स आहे, तोही ऑटोमॅटिक. माझ्यावर कुणी निबंध लिहायला सांगत नाही, आणि ते बरोबरच असावे. मला डोळे नाहीत. जे सांगणार आहे ते ऐकलेले आणि अंगाला जाणवलेले आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी माझ्या पोटातली एक गोष्ट सांगतो, कारण तिचे नवल अजून ओसरलेले नाही. माझ्या तोंडाशी एक गोल डबा आहे. त्यात दोन पंखे समोरासमोर बसवलेले आहेत, एक इंजिनाचा, एक माझा. दोघे एकमेकांना कधीही शिवत नाहीत. मध्ये नुसते लाल तेल. इंजिनाचा पंखा फिरू लागला की तेल घुसळून निघते, आणि त्या तेलाच्या रेट्याने माझा पंखा फिरतो. एवढ्यावर ती सारी लोखंडी गाडी माणसांसकट रस्त्याला लागते. कारखान्यात मला पहिल्यांदा तेल भरून फिरवले, तेव्हा मी दचकलो होतो. कुणी हात लावला नव्हता आणि मी फिरत होतो.

माझ्यामुळे गाडीला क्लच लागत नाही. गिअर मी आपला आपण बदलतो. चालवणाऱ्याचा डावा पाय नुसता बसून राहतो.

माझी पहिली मालकीण एक डॉक्टरीणबाई. "गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नाही," असे त्या शेजारी बसणाऱ्याला कौतुकाने सांगत. कळू न देणे हेच ज्याचे काम, त्याला याहून मोठी शाबासकी कोणती? पुढे त्यांची नजर अधू झाली आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. उभ्या उभ्या माझ्या एका नळीच्या सांध्यातले रबर कडक झाले. तिथून तेल झिरपू लागले, इतके सावकाश की मलाही पत्ता लागला नाही.

मग मला एका तरुण बाईने घेतले. लहानपणच्या आजारात तिचा डावा पाय लुळा पडला होता. गावाच्या पाणीपुरवठा केंद्रात ती पाणी तपासत असे, आणि ते केंद्र टेकडीच्या माथ्यावर. तोवर तिचे मामा तिला स्कूटरवरून सोडत. मामांनी आयुष्यभर ट्रक चालवला होता, पण आता त्यांचे गुडघे कुरकुरत. केंद्राच्या साहेबांनी तिला सांगून टाकले होते, वेळेवर वर यायची स्वतःची सोय करा, नाहीतर खालच्या कचेरीत टेबल देतो. तिला टेबल नको होते. तिला पाणीच तपासायचे होते.

पहिल्या दिवशी मामा शेजारी बसले आणि तिने गाडी सोडली.

"मामा, मी चालवतेय."

"बघतोय ना. जीव मुठीत धरूनच बघतोय. डाव्या पायाला काय काम?"

"काही नाही. त्याला पेन्शन."

"मग माझ्याहून बरा आहे तो."

ती हसली, आणि ते हसू मला गिअरच्या लिव्हरमधून खालपर्यंत जाणवले.

पण तेल कमी होतच गेले. चढ लागला की इंजिन नुसते ओरडे आणि गाडी जागीच राही. एकदा तर आम्ही मागे घसरलो, मागून बसचा भोंगा वाजला, आणि तिने लिव्हर घट्ट धरून ठेवला. तेव्हापासून मामा रोज शेजारी बसू लागले.

मामांनी तेल बघायचे ठरवले. त्यांची एक रीत होती. आधी इंजिन बंद, मग बॉनेटखाली हात. तरुणपणी इंजिन गार करणाऱ्या चालू पंख्याने त्यांचे बोट नेले होते, तेव्हापासूनची ही रीत. माझ्यातले तेल मोजायची लांब पट्टी त्यांनी काढली, पुसली, परत बुडवून पाहिली.

"काठोकाठ आहे. तेलाचं काही नाही, हा म्हाताराच थकलाय."

पट्टी खोटे बोलत नव्हती. इंजिन बंद झाले की त्या गोल डब्यातले तेल ओघळून माझ्या तळाशी जमते. सुरू झाले की परत डब्यात चढते, आणि तेल कमी असले तर तळाला मी कोरडा पडतो. मी हे सांगायचा प्रयत्न केला. माझ्याजवळ तेल ढकलणारा एक पंपच होता. तो चिरक्या आवाजात रडला. "बघ, कण्हतोय," मामा म्हणाले.

मग गॅरेजवाला आला. तेल काठोकाठ आहे, असे मामांनी त्याला सांगितले. त्याने एक चक्कर मारली.

"गिअरबॉक्स गेलाय. काढून क्लचवाला बसवू."

"आणि क्लच दाबायचा कुणी?" तिने विचारले.

"मामा आहेत की."

"शेजारी बसून?"

तो ओशाळला. "मग ठेवू नका. सुट्या भागांसाठी मीच घेऊन जातो."

तिला होकार द्यावा लागला. तो न्यायला आला, त्या सकाळी गाडी तिनेच सुरू करून अंगणातून बाहेर काढली. चालवायच्या जागेवरून ती उठेना.

"बंद कर, पोरी," मामा म्हणाले. "दुसऱ्याच्या हाती गाडी देताना तेल बघून द्यायचं असतं."

"बंद नाही करणार. परत सुरू करायला मला मिळणार नाहीये."

"अगं, चालू इंजिनात हात घालू मी?"

"उरलेली बोटं सांभाळून घाला."

मामा पुटपुटले. बॉनेट उघडले. पट्टी हळूच वर गेली, पुसली गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. माझा पंप कण्हतच होता.

"कोरडी आहे," मामा म्हणाले.

"काय?"

"पट्टी. कोरडीठाक."

गॅरेजवाल्याने पट्टी हिसकावून स्वतः बुडवली. "तुम्ही तर भरलंय म्हणाला होतात."

"बंद करून बघितलं होतं. तुम्ही कसं बघितलंत?"

"मी कुठे बघितलं? तुमच्यावर विसंबलो."

मामांनी पट्टी परत घेऊन जागेवर बसवली. ती मात्र हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे इतके दिवस हा उपाशीपोटी मला टेकडीवर नेत होता?"

तिचा तळहात लिव्हरवर टेकला. त्या स्पर्शाचे काय करावे ते मला कळेना.

गॅरेजमध्ये माझा तळ उघडला, आणि कारखान्यानंतर प्रथमच आत वारा आला. तळाशी साचलेली माझीच पूड गॅरेजवाल्याने बोटांवर चोळली. "झिजलाय. पण दम आहे," तो म्हणाला. नवे रबर बसले, मग इंजिन चालू ठेवून थोडे थोडे नवे तेल आले. माझ्यातल्या केसाएवढ्या वाटा कुठे कुठे जातात हे मीच विसरलो होतो. तेल त्या एकेक शोधत गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेकडी चढलो. जिथे मी घसरत असे, त्या वळणावर मामा सीटवर पुढे सरकले. मी एक गिअर खाली उतरलो आणि धरून राहिलो. भार अंगावर आला, पुढे सरकला, आणि सपाटी लागली. कुठेतरी मोठ्या टाक्यांत पाणी पडत होते.

"मामा, उद्यापासून सकाळी तुम्ही खुशाल झोपा, मी एकटी येईन," ती म्हणाली.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही, पण एक मागणे आहे. काम करता करता कुणी अडखळू लागला, तर त्याला थांबवून, शांत बसवून पाहिलेत एवढ्यावर राहू नका. थांबल्यावर आम्ही भरलेलेच दिसतो. तो कामात असतानाही एकदा जवळ जा, आणि तो कण्हत असेल तर ते ऐका.

गार सकाळी मी आजही थोडा उशिराच हलतो. ती वाट पाहते. अधूनमधून इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडते, आणि दारातून मामा ओरडतात, "बोट सांभाळ." मग लिव्हर ओढला जातो, लाल तेल घुसळून निघते, आणि कुणी न शिवता माझा पंखा फिरू लागतो. मी अजूनही दचकतो.