सहा काटे की नऊ

पडद्यावरची रेघ थरथरायला लागली, तेव्हाच तिनं ओळखलं, ही पेशी फार तर वीस मिनिटांची सोबत. उंदराच्या मेंदूचा पातळ काप खारट द्रवात जिवंत ठेवलेला, आणि त्यातल्या एका चेतापेशीला केसाहून बारीक काचेची नळी चिकटवलेली; तिच्यातून पेशीची वीज रेघ होऊन पडद्यावर उमटत होती. सकाळपासून चार पेशी अशाच हातातोंडाशी येऊन मेल्या होत्या.

आणि नेमके आत्ताच तिचे पीएचडीचे सर येऊन मागे उभे राहिले.

पेशीच्या फांद्यांवर इवले इवले काटे असतात. इतर पेशींचे निरोप त्या काट्यांवर येतात. शेजारशेजारच्या सहा काट्यांना एकदम निरोप मिळाला, तर पेशी नुसती बेरीज करत नाही, उसळी मारते, असं सरांनी बारा वर्षांपूर्वी दाखवलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं. तिला मात्र महिनाभर डोकं आपटूनही ती उसळी दिसली नव्हती.

निरोप द्यायचा तो लेझरच्या ठिपक्यानं. तिनं सहा काटे निवडून कळ दाबली. रेघ जराशी वर गेली. साधी बेरीज.

"लेझरचा जोर वाढव," सर म्हणाले.

"नको, सर."

"का?"

"वाढवला की प्रकाश आजूबाजूच्या काट्यांवरही सांडतो. आपण म्हणतो सहा, पण जागे होतात जास्त. तुमच्या वेळीही तेच झालं असावं."

सर एक पाऊल पुढे आले.

"म्हणजे माझं काम खोटं?"

"खोटं नाही. आकडा चुकलाय, असं वाटतं." रेघ पुन्हा थरथरली. "एकेक वाढवून बघते."

सात. बेरीजच. आठ. बेरीजच. मागून सरांचा श्वास ऐकू येत होता. तिनं ओठ चावत नववा काटा धरला आणि कळ दाबली.

रेघ थेट पडद्याच्या वरच्या कडेला भिडली. पुन्हा दाबली, पुन्हा उसळली. तिसऱ्यांदा आडवी झाली ती कायमचीच; पेशी मेली.

सर स्टूल ओढून बसले. चष्मा काढून पुसू लागले.

"बारा वर्षं वर्गात सहा सांगतोय मी," ते म्हणाले. "पण एका पेशीवर कोण विश्वास ठेवणार? अजून दहा तरी हव्यात. उद्यापासून मीही बसतो. शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र मात्र मी लिहीन. चूक माझी आहे."

तिनं नवी नळी बसवायला घेतली.

"उद्या कशाला, सर? तीन काप शिल्लक आहेत."